उपोषणकर्ता पाहिजे

ऑगस्ट 2025 मध्ये पुण्यात, पाषाण भागात, एक फलक लागला. अण्णा हजारे यांनी आता तरी उठावं, अशी त्यावर कळकळीची विनंती होती आणि सोबत कुंभकर्णाचा दाखला. विनंती आणि टोमणा एकाच खर्चात. पुणेकर फ्लेक्सचा एक चौरस फूटही वाया घालवत नाही. अण्णांच्या राळेगणसिद्धीहून जे उत्तर आलं त्याचा मथितार्थ असा, की या वयातही सगळं मीच करायचं का? अण्णांचं वय तेव्हा 88.

हे उत्तर आमच्या सोसायटीत कुणालाच रुचलं नाही. ‘मग करायचं कुणी?’ असं चिटणीसांनी भर बैठकीत विचारलं. त्यावर सगळ्यांनी एकमेकांकडे न बघता बाकरवडी घेतली.

चिटणीसांच्या तळमळीबद्दल शंका नको. 2011 मध्ये ‘मी अण्णा’ची टोपी घालून ते मेणबत्ती मोर्चात चालले होते. ती टोपी अजून कपाटात आहे, इस्त्रीसकट. त्या ऑगस्टात अण्णांच्या उपोषणानं दिल्लीचं रामलीला मैदान भरलं होतं आणि आपल्याकडे चौकाचौकांत देश बदलत होता. पुढे डिसेंबरात मुंबईला, एमएमआरडीएच्या मैदानावर, तीन दिवसांचं उपोषण ठरलं, तेव्हा मात्र मैदान भरेना आणि दुसऱ्याच दिवशी ते आटोपलं. नाताळनंतरचा आठवडा होता. लोक मनानं आंदोलनातच होते. गोव्याचं बुकिंग आधी झालेलं होतं, इतकंच.

बराच खल झाल्यावर ठरलं, की निविदा काढायची. सुशासनाची इतकी गरज आहे, तर उपोषणाचं काम रीतसर बाहेर द्यावं. लिफ्टची देखभाल आपण स्वतः करतो का?

मसुद्याला नमुना म्हणून चिटणीसांनी लोकपाल कार्यालयाचीच निविदा आणली. ज्या लोकपालासाठी ती टोपी घातली, त्याचं पहिलं विधेयक 1968 चं. कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली 1 जानेवारी 2014 ला, आणि पहिले लोकपाल खुर्चीत बसले मार्च 2019 मध्ये. इतक्या वर्षांत माणूस चालून चालून दमतो. म्हणूनच की काय, ऑक्टोबर 2025 मध्ये या संस्थेनं सात बीएमडब्ल्यू गाड्यांसाठी निविदा मागवल्या. एकेक गाडी 70 लाखांच्या आसपास. चालकांना किमान सात दिवस प्रशिक्षण देण्याची अटही होती, कारण जबाबदारीची जागा. लोकपालांचं ब्रीदवाक्य ईशावास्योपनिषदातलं आहे. दुसऱ्याच्या धनाची हाव धरू नये, असा त्याचा आशय. गाड्यांचे पैसे आपल्याच करातून जाणार होते. तेव्हा ‘दुसरा’ कोण, हा प्रश्न निविदेच्या कक्षेबाहेरचा. ओरड झाली आणि पुढे ती निविदा रद्द झाली, पण चिटणीसांच्या मते भाषा फार नेटकी होती.

तर आमच्या अटी. उपोषणकर्ता सडाफटिंग असावा. देवळाच्या खोलीत राहणारा असल्यास प्राधान्य. बँकेत शिल्लक नसावी, पण पॅनकार्ड असावं. सलग उपोषणाचा पूर्वानुभव हवा. वजन कमी करण्यासाठी केलेले उपास धरले जाणार नाहीत. मंत्र्यांचं लेखी आश्वासन आल्यावर विनातक्रार पेला हाती घ्यावा. त्या पेल्याची व्यवस्था मात्र निविदेत नको, असं खजिनदारांनी सुचवलं. 2018 ला रामलीला मैदानावर आणि 2019 ला राळेगणला, दोन्ही वेळा अण्णांचं उपोषण सोडवायला देवेंद्र फडणवीस हजर होते. म्हणजे त्या बाजूला अनुभवी माणसं आहेत.

इथवर सगळं सुरळीत चाललं होतं. मग चौथ्या मजल्यावरची भाडेकरू मुलगी बोलली. ती खरं तर पाण्याच्या तक्रारीसाठी आली होती.

ती म्हणाली, दर सोमवारी दुपारी 3 ते 5 पालिकेत जाऊन फायली बघता याव्यात, असा सरकारी निर्णय आहे. पुण्यात ही सोय आधीपासून होती, 2018 मध्ये राज्य सरकारनं ती इतरत्रही लागू केली. बसून वाचायचं, टिपणं काढायची. आणि कागद घरी हवा असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, शुल्क 10 रुपये. उपाशी राहावं लागत नाही, उलट जेवून गेलेलं बरं.

पुणेकरांच्या दुपारी एक ते चारच्या झोपेचा विनोद मी इथे करणार नाही. पण ‘सोमवारी? दुपारी?’ हे दोन प्रश्न ज्या आवाजात विचारले गेले, त्यावरून लक्षात आलं की मंगळवार सकाळनंही काही फरक पडला नसता. एका निवृत्त अधिकाऱ्यांनी जुना अनुभव म्हणून सांगितलं, की फायली वाचायच्या नसतात, त्यानं माणूस उगाच संशयी होतो. दुसरे म्हणाले, अर्जावर स्वतःचं नाव-पत्ता घालावा लागतो. उपोषणाला नुसता पाठिंबा देता येतो.

मुलगी तरी थांबेना. ‘बांधकाम विभागापासून सुरुवात करू या,’ ती म्हणाली. ‘आपल्या रस्त्यावरच्या सगळ्या इमारतींचे मंजूर नकाशे बघू.’

बाकरवडी चावण्याचा आवाज थांबला. आमच्या इमारतीच्या मंजूर नकाशात प्रत्येक फ्लॅटला बाल्कनी आहे. इमारतीत एकही नाही. तिथे कुणाची अभ्यासाची खोली आहे, कुणाचं देवघर. चिटणीसांकडे तर तिथेच ते टोपीचं कपाट आहे. तळमजल्यावर नकाशानुसार पार्किंग आहे आणि प्रत्यक्षात एक क्लिनिक, ज्याचं भाडं सोसायटीला कोणत्या नावाखाली येतं, हे खजिनदार तोंडपाठ सांगतात, पण लिहून देत नाहीत.

खजिनदारांनीच मग घसा साफ केला. राष्ट्रीय पातळीवरच्या भ्रष्टाचारावरून लक्ष उडता कामा नये, असं ते म्हणाले. स्थानिक किरकोळ गोष्टींत आंदोलनाची शक्ती वाया जाते. त्यानुसार निविदेत एक अट वाढवण्यात आली: उपोषणकर्त्याने बांधकाम, मिळकतकर आणि पार्किंग हे विषय हाती घेऊ नयेत, आणि उपोषणाची जागा सोसायटीपासून किमान शंभर किलोमीटर दूर असावी. दिल्ली असल्यास उत्तम.

ठराव एकमतानं मंजूर झाला. भाडेकरूंना मत नसतं.