खंडेनवमीचं नवं शस्त्र

खंडेनवमीला शस्त्रं पुजायची. तलवार आता कुणाच्या घरात नसते, म्हणून आपण पाना-पक्कड, लॅपटॉप आणि गाडीला झेंडूची माळ घालून भागवतो. पण हल्ली सोसायटीच्या पार्किंगमध्ये खरंखुरं शस्त्र दाखल झालंय. सेलमध्ये घेतलेला प्रेशर वॉशर! त्याला नळी आहे, घोडा आहे, आणि चालवणाऱ्याच्या कमरेला बर्मुडा असली तरी आविर्भाव पानिपताचा आहे.

जरा हिशेब बघा. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दहा मीटर खाली उतरलं की त्याचा दाब होतो साधारण १ बार. मोटारीच्या टायरात हवा असते सव्वादोन-अडीच बार. आणि हे घरगुती यंत्र पाणी फेकतं १०० ते १५० बारनं. समोर कोण? गाडीचा रंग, सगळे थर धरून मिलिमीटरचा जेमतेम आठवा-दहावा हिस्सा. अमेरिकेत माउंट रशमोरवरच्या चार राष्ट्राध्यक्षांची तोंडं २००५ साली अशाच जातीच्या यंत्रांनी धुतली होती. पण ती ग्रॅनाइटची होती. तुमचा बंपर प्लास्टिकचा आहे, आणि रिक्षाला घासल्यावर तो नाक्यावरच्या गॅरेजात स्वस्तात रंगवून घेतलेला आहे. त्या रंगाची कड धारेला एकदा सापडली की पापुद्रा निघालाच म्हणून समजा.

खोक्यात रंगीत नोझलं येतात. लाल म्हणजे शून्य अंश, सुईसारखी धार. पिवळं १५ अंशांचं, हिरवं २५, पांढरं ४०. काळं साबणासाठी. गाडीला पांढरं लावावं, हे पुस्तिकेत लिहिलेलं असतं; पण पुस्तिका खोक्यासकट माळ्यावर गेलेली असते. लाल दिसलं की थांबायचं नाही, ही सिग्नलवरची सवय आपण पार्किंगपर्यंत आणतो.

मग अंतर. निदान एक फूट. पण चिखल हटला नाही की आपला वीर दोन बोटांवर येतो. घरात पातेलं करपलं तर भिजत घालायची अक्कल सगळ्यांना असते. मडगार्डखाली पावसाळाभर साचलेल्या चिखलाला मात्र पाच मिनिटं द्यायला कुणी तयार नाही. खरं तर या यंत्राचं काम तेवढंच आहे. आधी लांबून ओलं करायचं, थांबायचं, मग वरून खाली येत माती आणि रेती काढून टाकायची. म्हणजे नंतर फडका फिरवताना रेतीचे कण रंगावर गोल गोल ओरखडे उठवत नाहीत. फडका फिरवावाच लागतो, हे दुकानदार सांगत नाही. आणि टायरच्या बाजूवर जवळून धार मारू नका. आतले धागे दुखावतात, वरून काही दिसत नाही, आणि टायर फुटायला मुहूर्त काढतो तो द्रुतगती मार्गावरचा.

दुचाकीवाल्यांची कथा वेगळीच. चेन, चाकांची आणि हँडलखालची बेअरिंग, सगळीकडे तबियतीनं धार मारतात. तिथली सीलं पावसासाठी केलेली असतात. धारेनं पाणी आत जातं, ग्रीस बाहेर येतं, आणि महिन्याभरात चाक कुरकुरायला लागलं की दोष कंपनीचा! इलेक्ट्रिक स्कूटरवाल्याकडे तर ठेवणीतलं उत्तर असतं, ‘आपली बॅटरी आयपी ६७ आहे.’ असू दे की. त्यातल्या सातचा अर्थ एवढाच, की मीटरभर खोल पाण्यात अर्धा तास बुडाली तरी चालेल. जवळून मारलेल्या धारेची परीक्षा वेगळी असते, तिचा आकडा नऊ.

(पाणी मिनिटाला पाच-सहा लिटरच लागतं, उघड्या पाइपापेक्षा कमी. पण हे सोसायटीच्या ग्रुपवर सांगायला जाऊ नका. टँकरचं बिल नुकतंच येऊन पडलंय.)

गाडी झाली की त्याच गननं पाय आणि चपला धुणारे महाभाग असतात. इथे मात्र थट्टा पुरे. ही धार कातडी भेदून आत शिरते. वर टाचणीएवढं भोक दिसतं, रक्तही फारसं येत नाही, आत मात्र घाण पाणी पसरत जातं. हळद दाबून बसायचं नाही, तडक इस्पितळ गाठायचं; बऱ्याचदा शस्त्रक्रिया करावी लागते. पोरांच्या हाती गन द्यायची नाही. काम संपल्यावर बटण बंद केलं, तरी नळीत दाब शिल्लक असतो. घोडा दाबून तो सोडून द्यायचा आणि मगच नळी काढायची. आणि तो एक्स्टेन्शन बोर्ड! दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून लोंबत आलेला, नेमका डबक्यात टेकलेला. अर्थिंग नसलेला प्लग, ओले अनवाणी पाय. आधी ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या, मग फोमची बाटली मागवा.

धुऊन झालं, हळदकुंकू लागलं, चाकांखाली लिंबं ठेवली. आता निघताना पार्किंगमध्येच हळू चालवत दोन-चारदा ब्रेक दाबून बघा. ओल्या डिस्कवर तो पहिल्यांदा नीट लागेलच असं नाही, आणि समोर सेक्रेटरींची गाडी उभी आहे.