मुक्काम पोस्ट टिटिपू

21 जून 1978. लंडनच्या प्रिन्स एडवर्ड थिएटरात 'एव्हिटा' या संगीतिकेचा पहिला प्रयोग. एव्हा पेरोन झालेली एलेन पेज प्रासादाच्या सज्जात उभी राहते आणि अख्ख्या देशाला सुरात सांगते, माझ्यासाठी रडू नका. देशाचं नाव घेते ते 'अर्जेंटिना'. त्यातला 'ज' थेट लंडनच्या टांकसाळीतला. अर्जेंटिनातल्या स्पॅनिशमध्ये हा 'ज' नाहीच. तिथे घसा किंचित खाकरल्यासारखा 'ह' येतो.

यावर संगीतकारांचे वकील लगेच उभे राहतात. चाल सांभाळायची असते हो, मात्रा मोजायच्या असतात, यमक आणायचं असतं; त्यात एखादं गाव थोडं चेंगरलं तर काय बिघडलं? ऐकायला पटतं. पण 'अर्जेंटिना' म्हणा की 'अर्हेंतीना', अक्षरं चारच आणि जोरही तिसऱ्यावरच. 1980 साली माद्रिदमध्ये पालोमा सान बासिलिओ तीच भूमिका त्याच चालीवर स्पॅनिशमध्ये गायली. चालीचं काहीही बिघडलं नाही. म्हणजे चाल बिचारी निर्दोष; ऐकणाऱ्यांच्या कानाची सवय मोडायची कुणाची तयारी नव्हती, इतकंच.

मग उठतात शुद्धोच्चारवाले. पात्रं अर्जेंटिनाची आहेत, निदान नावं तरी तिथल्यासारखी घ्या, असा त्यांचा आग्रह. ही पात्रं दिवाणखान्यापासून शयनगृहापर्यंत एकमेकांशी अस्खलित इंग्रजीत गातात, भांडतात, मरतातसुद्धा. त्याला यांची हरकत नाही. राजधानीचं नाव आलं की मात्र जिभेने तेवढ्यापुरतं अटलांटिक ओलांडून यायचं! 2006 मध्ये लंडनमध्ये नाटक पुन्हा उभं राहिलं तेव्हा एव्हिटा झाली एलेना रोजर, अस्सल ब्वेनोस आयरेसची. आपल्याच गावाशी इंग्रजीत बोलायची पाळी तिच्यावर आली. मराठी मध्यमवर्गाला हा प्रसंग परका वाटू नये.

कोल पोर्टरला मात्र या खटल्यातून सोडून द्यायला हवं. 'किस मी, केट'मध्ये (1948) त्याने फिरत्या नाटक कंपनीला गाण्यातून व्हेनिस, व्हेरोना, क्रेमोना, मँटुआ, पॅडुआ असा दौरा घडवला. इटलीत मांतोवा आणि पादोवा म्हणतात हे खरं, पण त्याच्या साडेतीनशे वर्षं आधी शेक्सपिअरने हीच इंग्रजी वळणं वापरून ठेवली होती. मूळ आरोपी त्याला पकडा.

आपल्या शहराचंही प्रकरण आहेच. बॉम्बेचं अधिकृतपणे मुंबई झालं 1995 मध्ये. 2002 मध्ये ए. आर. रहमानचं संगीत असलेलं नाटक लंडनच्या अपोलो व्हिक्टोरियात लागलं ते 'बॉम्बे ड्रीम्स' या नावाने. तिकीटखिडकीचं राजपत्र वेगळं निघत असावं. यावर नाक मुरडणारे मुंबईकर सुट्टीत 'पॅरिस'ला जाऊन येतात, शेवटचा 'स' चांगला ठासून. तिथले लोक तो उच्चारतच नाहीत, पण तिथल्या कुणी त्यासाठी दादरला मोर्चा आणलेला नाही.

या सगळ्यांत धूर्त निघाला संगीतिकालेखक गिल्बर्ट. 1885 च्या 'मिकाडो'साठी त्याने जपानमधलं गाव स्वतःच घडवलं: टिटिपू. जे गावच नाही, त्याचा उच्चार चुकला म्हणायची सोय कुणाला? सॅव्हॉय थिएटरात पहिल्याच फेरीत 672 प्रयोग झाले. 1907 मध्ये जपानचे राजपुत्र फुशिमी लंडनला यायचे होते, तेव्हा पाहुणे दुखावतील म्हणून सरकारने काही आठवडे नाटक बंद ठेवलं. बावीस वर्षं दुखावायला कुणी नव्हतं, असा त्याचा अर्थ घ्यायचा!

पुढे टोकियोच्या वायव्येकडच्या चिचिबूला वाटू लागलं की टिटिपू म्हणजे आपणच. एका जुन्या रोमन लेखनपद्धतीत त्यांच्या गावाचं नाव 'टिटिबू' असं पडतं, तेव्हा दावा अगदीच हवेतला नाही. उच्चारदुरुस्तीचा अर्ज करण्याऐवजी चिचिबूकरांनी 2001 साली ते नाटकच जपानीत बसवलं आणि गावात प्रयोग लावला.