छत्तीस गुणांचं ग्राफिक्स कार्ड

आमच्या इमारतीतल्या एका चिरंजीवांनी 'व्हिडिओ एडिटिंग शिकायचंय' असं सांगून वडिलांकडून आरटीएक्स 4070 पदरात पाडून घेतलं. वडिलांना वाटलं, खर्च संपला.

कार्ड घरात आलं आणि मित्रमंडळ जमलं. "प्रोसेसर बॉटलनेक करणार," पहिल्यानेच अपशकुन केला. हल्ली प्रोसेसर आणि कार्ड यांची नावं टाकली की जोडी किती टक्के बिघडेल ते सांगणाऱ्या वेबसाइट आहेत. मुला-मुलीला न बघता पत्रिकेवरून गुण काढावेत, तसा कुठला गेम खेळणार याची फारशी चौकशी न करता निकाल येतो. खरं तर 1080पीवर ज्या प्रोसेसरची दमछाक होते, तोच 4केवर निवांत असतो, कारण तिथे घाम कार्डाला फुटतो. पण 'तेवीस टक्के' म्हटलं की शास्त्रीय वाटतं.

मग स्वारी लॅमिंग्टन रोडवर. दुकानदार म्हणाला, "साहेब, एएम5वरच जा, फ्युचर प्रूफ!" म्हणजे नवा प्रोसेसर, त्यासाठी नवा बोर्ड, बोर्डासाठी डीडीआर5 रॅम. चिरंजीवांकडे होता रायझन 5 2600 आणि बी450 बोर्ड. त्याच बोर्डाचा बायोस अपडेट केला की 2022चा रायझन 5 5600 त्याच सॉकेटात बसतो. पण त्यात दुकानातून एकच डबा जातो. रॅमचीही तीच गत. पाकिटावर 3200 छापलेली जुनी रॅम आजवर 2400वर रेंगाळत होती, कारण बायोसमध्ये एक्सएमपी चालू करायचं राहून गेलं होतं. उपाय फुकट, म्हणून कोणी सुचवला नाही.

या सगळ्यात एसएमपीएसकडे कोणाचं लक्षच नव्हतं. बिचाऱ्याला रंगीत दिवे नसतात. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला तो डबा मी वाकून पाहिला. स्टिकरवर ठळक '450 वॅट'. खाली बारीक अक्षरांत 12 व्होल्टच्या रकान्यात 18 अँपिअर. गुणाकार करा : 216. कार्डालाच लागतात 200, आणि एनव्हिडिया साडेसहाशे वॅटचा सप्लाय सुचवते. उरलेल्या सोळा वॅटांत प्रोसेसरने आणि पंख्यांनी संसार करायचा. मी हे बोलून दाखवलं. "काका, चालतंय ना तोवर चालवू," असं उत्तर मिळालं आणि मोलेक्सच्या वायरींना कन्व्हर्टर लावून कार्ड जोडलं गेलं.

मॉनिटर जुनाच, 60 हर्ट्झचा. कार्ड सेकंदाला दीडशे फ्रेम काढतं, मॉनिटर साठदाच चित्र बदलतो. "उरलेल्या नव्वद कुठे जातात?" हा त्या घरात विचारला गेलेला एकमेव तांत्रिक प्रश्न. तो वडिलांनी विचारला, त्यामुळे कोणी उत्तर दिलं नाही.

तर आता बोर्ड नवा, प्रोसेसर नवा, रॅम नवी, कॅबिनेट काचेचं, आणि पंखे इतके रंगीत की नवरात्रात वेगळं तोरण नको. एसएमपीएस आणि मॉनिटर दिवाळीच्या बोनसवर ढकललेत. गेम रंगात आला की मशीन फटकन बंद पडतं. दुकानदाराने फोनवरच निदान केलं : तुमच्या एरियात लाइटचा प्रॉब्लेम आहे, मोठा यूपीएस घ्या.