कार्बनासुर देवबागात

मराठीच्या प्राध्यापकाला हवामानबदल शिकवायला का लावतात, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या कॉलेजात कधी नोकरी न केलेल्यांनाच पडतो. पर्यावरण हा विषय सगळ्यांना शिकवा, असं सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली सांगितलं. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीला तो सक्तीचा केला. पुण्याच्या डॉ. एरच भरुचांनी त्याचं पाठ्यपुस्तक लिहिलं. राहता राहिलं शिकवणं. ते टाइमटेबलवाल्यांच्या हाती आलं आणि त्यांनी साधा नियम काढला: ज्याचे तास कमी पडतात, त्याच्या गळ्यात पर्यावरण. मराठीचे तास नेहमीच कमी पडतात. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रकल्पाच्या फायली तयार मिळतात, त्यामुळे ओझोनला पडलेलं तेच ते भोक मी वर्षानुवर्षं दहापैकी आठ गुण देऊन तपासत आलो आहे.

मग 2020 चं शैक्षणिक धोरण आलं आणि फायलीवर भागेना. वेगवेगळ्या शाखांच्या मुलांनी एकत्र येऊन, एखाद्या गावात राहून, गावकऱ्यांबरोबर हवामान संकटावर काहीतरी ‘सर्जनशील’ घडवायचं, असा अभ्यासक्रम आमच्याकडे निघाला. प्रमुख कोण, असं विचारल्यावर बैठकीतले सगळे टेबलाकडे बघू लागले. मी दारातून येणाऱ्या बटाटेवड्यांकडे बघत होतो. मान वर होती, एवढाच माझा दोष.

गाव ठरलं देवबाग. मालवणच्या दक्षिणेला, एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. हवामान संकट शिकायला याहून सोयीची जागा नाही, असं मी अहवालात लिहिलं होतं. तिथे राहणाऱ्यांनाही ती सोयीची वाटते का, हा रकाना अहवालात नव्हता.

पहिल्याच सकाळी आम्ही रापणीवर गेलो. होडीतून अर्धवर्तुळात जाळं टाकतात, त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि माणसं ते तासन्‌तास ओढत बसतात. मी मुलांना म्हटलं, “बघा, हेच ते सहयोगी शिक्षण!” रापणीच्या तांडेलांनी, म्हणजे म्होरक्यांनी, माझ्याकडे बघितलं आणि माझं बोलणं थांबवून दोर हातात दिला. रापण ओढायला एक ठेका असतो. सगळे मागे झुकतात तेव्हा मी पुढे आणि सगळे पुढे येतात तेव्हा मी मागे, असं काही वेळ चाललं. मग माझ्या मागच्या आजोबांनी माझ्या कमरेला धरून मला ओळीबाहेर ठेवलं. त्यात राग अजिबात नव्हता. वाटणीत मात्र प्रत्येक ओढणाऱ्याचा हक्क असतो, म्हणून मलाही दोन बांगडे मिळाले. तळहाताची सालं गेली होती, त्यामुळे ते मुलांनी धरले.

बांगडे दोनच का, यावर मी तिथल्या तिथे व्याख्यान सुरू केलं. समुद्र तापतोय, मासा खोल पाण्यात किंवा उत्तरेकडे सरकतोय, वगैरे. तांडेल ऐकत होते. मग म्हणाले, “हवामान बदलला ता खरा, मास्तरानू. पण भर समुद्रात ते एलईडीचे लाईट काय वादळान पेटयले?”

याचं उत्तर माझ्या स्लाइडमध्ये नव्हतं. एलईडी लावून मासे खेचायला केंद्राने 2017 साली बंदी घातली, त्याआधी 2016 मध्ये राज्याने यांत्रिक बोटींच्या पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आणले, आणि ते पाळले जात नाहीत म्हणून मालवणचे रापणकर आजही भांडतात. सगळं खापर हवामानावर फोडलं की कोणा माणसाचं नाव घ्यावं लागत नाही, ही सोय माझ्या अभ्यासक्रमात भरपूर होती. फिजिक्सच्या मुलीने तांडेलांचा प्रश्न वहीत टिपून घेतला. माझं व्याख्यान तिने टिपलं नव्हतं.

संध्याकाळी सर्जनशीलतेकडे वळलो. सिंधुदुर्गात येऊन नाटक करायचं तर ते दशावतारी. त्यात पहिलाच अवतार मत्स्य, म्हणजे प्रलय, म्हणजे समुद्राची वाढती पातळी. ही जुळणी सुचली तेव्हा मला रात्रभर झोप आली नव्हती. चाळीसेक पानी संहिता मी लिहूनच आणली होती. खलनायक कार्बनासुर. दशावतारात संहिता नसते, राजा आणि राक्षस रंगमंचावरच एकमेकांचं बोलणं तोडत आख्यान उभं करतात, हे मी वर्गात शिकवतो. तरीही आणली होती.

मार्गदर्शनाला बोलावलेले जुने दशावतारी कलाकार पानं उलटत शेवटपर्यंत गेले. “हेका मारतलो कोण?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं की त्याला कोणी मारत नाही. दरवर्षी त्याला एका आंतरराष्ट्रीय परिषदेला बोलावतात, 2015 मध्ये पॅरिसला त्याच्याशी करारही होतो, आणि तो वाढतच राहतो. ते बराच वेळ गप्प बसले. “मग पहाट कशी होतली?” म्हणाले. राक्षस मेल्याशिवाय दशावतार संपत नाही, आणि तो संपल्याशिवाय गाव घरी जात नाही.

शेवट मोकळा ठेवायचं ठरलं. कार्बनासुर अर्थातच मी. भूमिकेसाठी चष्मा काढावा लागला.

प्रयोग पौष पौर्णिमेला, रात्री अकरा वाजता. मंच मी संध्याकाळी पाचला पुळणीवर स्वतः उभा करून घेतला. पाणी खूप लांब होतं, वाळू ओली, घट्ट आणि सपाट. वर सुक्या शेवाळाची आणि कचऱ्याची एक रेघ होती, तिच्या अलीकडे. ती रेघ कशाची, हे विचारावंसं वाटलं नाही. तांडेल येऊन म्हणाले, “मंच हय नको, मास्तरानू. आज पुनव.” चांदण्यात प्रयोग किती छान दिसेल, असं मी त्यांना समजावलं. “पंधराची पाऊणकी करा,” एवढं बोलून ते निघून गेले.

जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेत. कोकणात भरतीची वेळ आजही त्यावरूनच काढतात: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. पौर्णिमेची तिथी पंधरा, पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. हा हिशेब कॉमर्सच्या मुलाने लावला, पण लावेपर्यंत मी रंगून तयार होतो, आणि रंगवलेल्या नटाला कोण काय सांगणार?

सव्वाअकराला माझं स्वगत चाललं होतं. “मी समुद्राला चढवीन! मी तुमच्या उंबऱ्यावर येईन!” असं गरजतोय तोच पाण्याची पहिली जीभ मंचाखालून सरकली. टाळ्या पडल्या. दुसरी लाट आली तशा शिट्ट्या. तिसरीने पायपेटीवाल्यांना उठवलं. चष्मा नसल्यामुळे मला फक्त मंच हलतोय एवढंच कळत होतं, ते मी अभिनयाच्या ताकदीवर घेतलं. शेवटी मागून एका आजीचा आवाज आला, “राक्षसाक आधी वर घेवा रे! तेका चष्म्याशिवाय दिसना नाय!”

गावाने फळ्यांना दोर बांधले आणि मंच वर ओढून काढला. ठेक्यात. मला कोणी दोर दिला नाही. मृदंग वाचला, पायपेटीचा भाता भिजला.

नंतर शेकोटीपाशी जी चर्चा झाली, तिच्यासाठी खरं तर हा अभ्यासक्रम काढला होता. जगभरात समुद्राची पातळी 2006 ते 2018 या काळात वर्षाला सरासरी 3.7 मिलिमीटरने चढली. कॉमर्सच्या मुलाने दाखवून दिलं की तेवढ्याने सरांचं धोतर भिजत नाही. ते भिजवलं चंद्राने आणि सरांनी. मग संकट कुठे आहे? तांडेलांनी अंधारात पाण्याकडे हात केला. जिथे आता लाटा फुटतात तिथे माड होते, म्हणाले. वाळूउपसा, बंधाऱ्यावर आपटून शेजारच्या वाडीत घुसणाऱ्या लाटा आणि वादळं, असं त्यांनी एकेक मोजलं. 2019 च्या ऑक्टोबरात क्यार वादळ किनाऱ्याला लागलंच नाही, लांबूनच गेलं, तरी पाणी घरांत शिरलं. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते आलं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या अभ्यासानुसार 2001 ते 2019 या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं 52 टक्क्यांनी वाढली, हे मी सांगितलं. ते त्यांना नवं होतं. माझ्याकडून त्यांना मिळालेली तेवढी एकच गोष्ट.

“पुनवेचा उधाण आमका कळता,” ते म्हणाले. “वादळ त्याच दिवशी इला तर काय करुचा, ता सांगा.” यावर मुलं पहाटेपर्यंत भांडली. शेवट मोकळा ठेवलेल्या नाटकाची पहाट अशी झाली. मी घोंगडीत बसून शिंकत होतो.

परत आल्यावर पायपेटीच्या दुरुस्तीचं बिल ‘नैसर्गिक आपत्ती’ या सदराखाली हिशेब विभागात पाठवलं. तिथले कारकून नेमके वेंगुर्ल्याचे निघाले. फाइल शेऱ्यासह परत आली: “सदर दिवशी पौर्णिमा. पूर्ण भरती रात्री 11.15. प्रयोगाची वेळ रात्री 11. सबब आपत्ती नैसर्गिक नसून आयोजकांची आहे. खर्च नामंजूर.”

पैसे मी भरले. त्या कारकुनांना पुढच्या वर्षी पाहुणे व्याख्याते म्हणून बोलवावं, असा लेखी प्रस्ताव मुलांनी दिला आहे आणि त्यावर प्रमुख म्हणून माझी सही हवी आहे.