सामूला लिंबू

चंपाषष्ठीला वडजच्या खंडोबाला पांढरा शर्ट घालून जाऊ नये, ही अक्कल मला पन्नाशीत आली. भंडारा उधळणारा समोरच्याचे कपडे बघत नाही. येळकोटाच्या गजरात खांद्यापासून खिशापर्यंत पिवळा झालो, घरी आलो आणि मोरीत बसून शर्टाला साबणाची वडी घासली. डाग गेला नाहीच, उलट लालभडक झाला.

आई दारातून म्हणाली, "आरं, देवाला गेलतास का मारामारीला?"

हळद हा दर्शक, हे शाळेत घोकलं होतं. हळदीतल्या कर्क्युमिनला साबणातली आम्लारी भेटली, की त्याचा रेणू एक हायड्रोजन आयन सोडून देतो. ठेवण बदलते, तसा रंगही. आईला यातलं काही ठाऊक नाही. तिनं डागावर अर्धं लिंबू पिळलं. आम्लानं हायड्रोजन परत केला, डाग पिवळा! मी पुन्हा साबण लावला, लाल. पुन्हा लिंबू. तिसऱ्या खेपेला आईनं लिंबू हातातून काढून घेतलं आणि शर्ट उन्हात टाकला. हळदीला ऊन सोसत नाही.

साबणानं लाल होण्याच्या याच गुणामुळे पूर्वी हळदीला चुन्यासारखा खार लावूनच कुंकू करत. म्हणजे हळद आणि कुंकू या दोघी नव्हेतच; एकच बाई, लुगडं बदलून आलेली.

हळदीत एक खोट आहे. साधं पाणी असो की लिंबाचा रस, ती पिवळीच. आम्ल ओळखायला लिटमस लागतो, आणि तो निघतो दगडफुलाच्या भाईबंदांपासून. गोड्या मसाल्याचा हा चुलत भाऊ प्रयोगशाळेत नोकरीला लागला, एवढंच. रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉईलनं १६६४ साली व्हायोलेट फुलांच्या पाकावर असलेच रंग बदलताना टिपून ठेवले होते. त्याला शर्ट धुवावा लागला नसावा.

परवा नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रातून द्राक्षबागेच्या मातीचा अहवाल आला. त्यातला सामू म्हणजे पीएच; सात म्हणजे उदासीन, त्यावर आम्लारीधर्मी. मी मोठ्यानं वाचलं, "सामू आठ पूर्णांक एक."

आई शेंगा फोडत होती. "कोण सामू?"

"आपल्या मातीचा. खार जास्त झालाय."

"मग त्यालाबी लिंबू पीळ," ती म्हणाली, "पण ह्या खेपेला इकत आण."