लिफ्ट राहून गेली

पंधरा ऑगस्टचं परिपत्रक सोसायटीच्या लिफ्टमध्ये लागलं आहे. चारही कोपऱ्यांत तिरंगी फुगे. ध्वजारोहण ठीक आठ वाजता, पोशाख पांढरा, त्यानंतर अध्यक्षांचं भाषण, विषय 'हुतात्म्यांचे ऋण आणि आपले कर्तव्य', आणि शेवटी जिलेबी. ज्येष्ठ नागरिकांना जिलेबी घरपोच मिळेल. सगळं यथासांग आहे. परिपत्रकाच्या बरोबर खाली एक जुनी पाटी आहे, तेवढी झाकायची राहिली : 'ही लिफ्ट फक्त रहिवाशांसाठी. घरकाम करणाऱ्या बायका, ड्रायव्हर व डिलिव्हरीवाले यांनी मागची लिफ्ट वापरावी.'

मागची लिफ्ट गणपतीपासून बंद आहे. कोणत्या गणपतीपासून, ते विचारू नका.

आता मुद्दा जिलेबीचा. सातव्या मजल्यावरच्या आजोबांना ती घरपोच द्यायची तर कुणीतरी वर न्यायला हवी. नेणार कोण, तर कामाच्या मावशी. मावशींना लिफ्ट चालत नाही, जिलेबीला चालते. समितीने यावर बराच खल केला आणि तोडगा काढला : खोका लिफ्टमध्ये ठेवायचा, सातचं बटण दाबायचं, आणि मावशींनी जिन्याने वर जाऊन तो उतरवून घ्यायचा. म्हणजे स्वातंत्र्यदिनी जिलेबी लिफ्टने जाणार, आरशात स्वतःकडे बघत, पंख्याचं वारं घेत; आणि पन्नाशीच्या पुढची बाई गुडघे धरत तिच्या स्वागताला धावणार. मध्येच चौथ्यावर कुणी लिफ्ट थांबवली तर जिलेबीने कुणाच्या भरवशावर राहायचं, हा प्रश्न पुढच्या सभेत येणार आहे. तसे अपवाद आहेत, समिती निर्दय नाही. तान्हं बाळ कडेवर असेल तर बाईला लिफ्टची मुभा आहे. बाळ घरी सोपवलं की मुभा संपली, उतरताना जिना. पाचव्या मजल्यावरचा लॅब्रेडॉर दिवसातून चार वेळा याच लिफ्टने जातो, पण तो रहिवासी आहे. घराची किल्ली ज्यांच्या कनवटीला असते, त्या रहिवासी नाहीत.

कारण विचारलं तर सांगतात, गर्दी होते. थोडं थांबलं की दुसरं कारण येतं, हलक्या आवाजात : वास येतो. घामाचा म्हणे. सात मजले जिन्याने चढवलेल्या माणसाला घाम येतो, हा शोध आमच्या शिकल्यासवरल्या समितीला लागला, याबद्दल त्यांचा ध्वजारोहणातच सत्कार व्हावा.

समितीत एक वकीलही आहेत. राज्यघटनेचं नाव काढलं की ते चष्मा पुसतात. कलम १९ने नागरिकाला भारतभर मुक्तपणे संचार करण्याचा हक्क दिला आहे. पण तो सरकारविरुद्ध, सोसायटीविरुद्ध नव्हे, असं वकीलसाहेबांचं म्हणणं. बरं, कलम १५? तिथे खासगी माणसालाही बजावलं आहे की धर्म, जात, लिंग असल्या कारणांवरून दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांची वाट कुणाला अडवता येणार नाही. वकीलसाहेब यादीवरून बोट फिरवतात आणि समाधानाने सांगतात, 'यात लिफ्ट कुठे आहे?' शिवाय आम्ही कुणाची जात विचारतच नाही, नुसतं काम विचारतो. खरं आहे. जात ते फ्लॅट भाड्याने देताना विचारतात. आडनाव काय, खाणं काय, लग्न झालंय का, नसेल तर का नाही. मुलगी एकटी राहणार असेल तर तिच्याकडे येणार कोण आणि जाणार किती वाजता. एवढी उलटतपासणी पासपोर्टवालेही करत नाहीत.

विहिरी आणि तलाव त्या यादीत कसे आले, तेही भाषणात सांगा की अध्यक्षमहाराज. २० मार्च १९२७ला महाडच्या चवदार तळ्यावर माणसं ओंजळभर पाणी प्यायला गेली. तळं नगरपालिकेचं होतं, सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव आधीच झालेला होता. ठराव कागदावर होता आणि लाठ्या हातात होत्या. पाणी प्यालेल्यांना गावात गाठून मारलं, आणि मग तळं विटाळलं म्हणून गोमूत्र-शेण घालून शुद्ध करून घेतलं. तिथे सरकारने वाट अडवली नव्हती. शेजाऱ्यांनी अडवली होती. आपल्याकडे परवा डिलिव्हरीचा एक पोरगा चुकून रहिवाशांच्या लिफ्टने वर आला, तर खाली फोन जाऊन लिफ्टमध्ये सुगंधी फवारा मारून घेतला. फवारा मारला वॉचमनने. त्यालाही त्या लिफ्टमध्ये उभं राहायची परवानगी नाही, तेव्हा त्याने दारातूनच मारला.

आणि हीच मंडळी ऋण फेडायला निघाली आहेत! ऋण कसलं, कुणाचं? मूलभूत कर्तव्यं घटनेत १९७६ साली आली. स्वातंत्र्यलढ्याचे आदर्श जोपासा, हे त्यांतलंच एक. आम्ही ते पांढरे कपडे घालून जोपासतो. राष्ट्रगीताला साधारण ५२ सेकंद लागतात, तेवढा वेळ वॉचमन, मावशी, ड्रायव्हर आणि अध्यक्ष एका रांगेत ताठ उभे असतात. त्रेपन्नाव्या सेकंदाला अध्यक्ष म्हणतात, 'मावशी, खुर्च्या उचला.' मावशींनी रजा मागितली होती. त्यांच्या नातीचा शाळेत झेंडावंदनाला नाच आहे. कार्यक्रम असल्याने रजा नामंजूर झाली.

वार्षिक सभेला चार महिने आहेत आणि पाटी काढण्याचा ठराव कोण मांडणार यावर कुणाचं एकमत होणार नाही. तेव्हा वाचकहो, तुमच्याही लिफ्टमध्ये अशी पाटी असेल तर नीट बघून घ्या. ती बहुतेक चार स्क्रूंवर असते. ध्वजारोहण आठला आहे; पावणेआठला पेचकस घेऊन खाली उतरा.