काँकॉर्डचं तिकीट, केमचा फलाट

लहानपणी काँकॉर्डमध्ये बसायचं स्वप्न ज्यांनी पाहिलं, त्यांची सोय एअर इंडियाने जवळजवळ केलीच होती. १९६०च्या दशकात कंपनीने दोन काँकॉर्डसाठी नाव नोंदवलं, पुढे ते मागे घेतलं, आणि स्वप्न वेटिंग लिस्टवरच राहिलं. पण हळहळायचं काही कारण नाही. वेगाचा थरार ताशी २,१८० किलोमीटरने उडणाऱ्या त्या विमानात नव्हताच. तो सोलापूर जिल्ह्यातल्या, कुंकवासाठी नावाजलेल्या केमच्या फलाटावर मिळतो, आणि तोही उभ्याउभ्या.

काँकॉर्डमध्ये पेल्यातलं पेयसुद्धा डुचमळत नसे. आपण आवाजाच्या दुप्पट वेगाने चाललो आहोत हे प्रवाशाला कळावं म्हणून समोरच्या भिंतीवर आकडा दाखवावा लागे. पाटी वाचून पोट भरल्याचं समजायचं, तशातला प्रकार! जो धमाका म्हणजे या वेगाचा खरा प्रसाद, तो आतल्यांना ऐकूच येत नसे; तो विमानामागोमाग खाली पसरत जाई. जमिनीवर खिडक्या हादरतात म्हणून हा वेग बहुतेक समुद्रावरच उधळला गेला. म्हणजे तिकीट माणसांनी काढलं आणि प्रसाद माशांना मिळाला. आता केम बघा. मुंबईहून निघालेली वंदे भारत थांबते ती पुढे कुर्डुवाडीला. आवाजाच्या वेगापुढे ती बैलगाडीच, पण फलाटावरून जाताना धुरळा उठतो, पदर उडतो, चहावाला कपावर हात धरतो आणि बोलणाऱ्याचं अर्धं वाक्य गाडीबरोबर सोलापूरला जातं. आत बसलेला मात्र मोबाइलमध्ये मान घालून असतो.

कुणी म्हणेल, काँकॉर्डमधून पृथ्वीची गोलाई दिसायची. दिसायची, पण तळहाताएवढ्या खिडकीतून! दुसरा म्हणेल, लंडनहून साडेदहाला निघून न्यूयॉर्कला तिथल्या घड्याळात साडेनऊच्या आत पोचायचं, म्हणजे निघण्याआधीच हजर! केमकराला त्यासाठी अटलांटिक ओलांडावा लागत नाही. गाडी लेट असली की तोही निघण्याच्या वेळेआधीच स्टेशनात हजर असतो. राहता राहिला आंबट द्राक्षांचा आरोप. तर २४ ऑक्टोबर २००३ला काँकॉर्डची शेवटची प्रवासी फेरी झाली आणि वेलच उपटला गेला. आता श्रीमंतालाही ते विमान संग्रहालयातच बघावं लागतं.

खरी काळजी पुढची आहे. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेत एक्सबी-१ या छोट्या चाचणी-विमानाने आवाजाचा वेग ओलांडला, आणि धमाका जमिनीवर ऐकू आला नाही, असं कंपनी मोठ्या कौतुकाने सांगते. उद्या असलं प्रवासी विमान केमवरून गेलं, तर आतल्याला वेग जाणवणार नाही आणि खालच्याला धमाका ऐकू येणार नाही. तेव्हा चहावाल्याने कपावर हात कशासाठी धरायचा?